मामंजींच्या पायांची निगा

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिण्याचा संकल्प. हेतू शास्त्रीय. वाचक कोणी नाही. तरीही मुद्देसूद लिहीन, कारण सवय सुटत नाही.

पार्श्वभूमी. ही गुरुवारी मुलीकडे गेली. हवापालट. कोणा डॉक्टरने सांगितलेला नाही, हिने स्वतःच ठरवला. दोन सुटकेसी, गरम कपडे, औषधांचा डबा, केस वाळवण्याचे मशीन आणि शिवणयंत्र एवढे सामान नेले. हवापालटाला शिवणयंत्र कशासाठी, याचा उलगडा झाला नाही. तिकडे वेळ जात नसावा.

निघताना म्हणाली, कोंबड्यांकडे बघा. संपले. कसे बघायचे, केव्हा, किती वेळा, काही नाही. अध्यापक विद्यालयात भावी शिक्षकांना मी आयुष्यभर पाठाचे नियोजन शिकवले. सूचना अशी मोघम देऊ नये हे हिलाही लग्नापासून समजावत आलो आहे. त्या दिवशी टॅक्सी उभी होती, त्यामुळे पूर्ण समजावता आले नाही. टॅक्सी वळेपर्यंत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले. काच वर होती.

महिनाभरात परत येईल असा अंदाज.

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी

पक्ष्यांची पाहणी केली. तीन कोंबड्या, एक कोंबडा. जात देखणी. घोट्यापासून बोटांपर्यंत पायांवर दाट पिसे, त्यामुळे चालताना लोकरीचे मोजे घालून कोणीतरी अंगणात उतरल्यासारखे वाटते. हिचा सारा अभिमान त्या मोज्यांत.

नावे हिने ठेवलेली. थोरली ती जाऊबाई, दुसरी वन्सं, लहानखुरी सूनबाई, आणि कोंबडा मामंजी. सासरची नाती अशी खुराड्यात कोंडणे मला पहिल्यापासून अप्रशस्त वाटते. विशेषतः, मामंजी, व्हा तिकडे, सारखं काय मध्ये मध्ये, हे वाक्य माझ्या वडिलांच्या पश्चात माझ्या अंगणात रोज उच्चारले जावे हे योग्य नव्हे. हिचे उत्तर ठरलेले. खऱ्या मामंजींना कधी म्हणता आलं नाही, ह्यांना तरी म्हणू दे.

मी त्यांना क्रमांकाने संबोधणार. पक्षी एक ते चार.

३ फेब्रुवारी. दुपारी

पक्षी क्रमांक एक व दोन यांत गोंधळ होतो. तूर्त जुनीच नावे.

५ फेब्रुवारी, बुधवार

महत्त्वाचा शोध. जाऊबाई पाय उचलून उचलून चालतात हे लक्षात आले. मांडीवर घेतले. (हिच्या मांडीवर त्या तासन्‌तास बसत, ही शिवत असताना. माझ्या मांडीवर तेवढा वेळ बसल्या नाहीत.) पिसे बाजूला सारून पाहिले. आत पायांचे खवले उचललेले, त्यांवर पांढरट, चुन्यासारखी खरबरीत पुटे. इतरांचेही थोडेफार तसेच. पिसांमुळे बाहेरून काही दिसत नाही.

म्हणजे हिच्या देखत हे चालू होते आणि हिला कळले नाही. आपण निरीक्षण नुसत्या डोळ्यांनी करतो, पद्धतीने करत नाही, हे मी हिला सांगत आलो आहे. आता पुरावा मिळाला. अर्थात टोमणा मारणार नाही. फक्त कळवीन.

कळवले. उत्तर आले, माहीत आहे. जायच्या आधी तेच तर सांगत होते, तुम्ही मधेच बोलायला लागलात.

असे काही झाल्याचे आठवत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पशुवैद्य बाई येऊन गेल्या. तरुण आहेत, हुशार, परंतु घाईच्या. म्हणाल्या, माइट आहेत, खवल्यांखाली शिरून राहणारे किडे, डोळ्यांना दिसत नाहीत. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवायचे, मऊ ब्रश फिरवायचा, खपल्या ओढून काढायच्या नाहीत, पूर्ण कोरडे करायचे, मग पेट्रोलियम जेली थापायची म्हणजे किडे गुदमरून मरतात. आठवड्यातून एकदा. चौघांनाही. काही आठवडे. खवले पूर्ववत व्हायला पुढची पिसं झडून नवी येईपर्यंत वेळ लागेल, तेव्हा घाई नको.

मी काही मूलभूत प्रश्न विचारले. किडा श्वास नेमका कसा घेतो, जेलीचा थर किती जाडीचा हवा, डाव्या पायापासून सुरुवात करावी की उजव्या. बाई बॅगेची चेन लावत म्हणाल्या, काका, सांगितलं तेवढंच करा. जास्त काही करू नका. आणि पाय ओले ठेवू नका, या जातीला ओलावा अजिबात चालत नाही.

जास्त काही करू नका, याला सल्ला म्हणता येणार नाही. तो स्वभाव झाला.

संकल्प. ही परत येईल तेव्हा चारही पक्ष्यांचे पाय असे असतील, की हिने आधी पाय पाहावेत आणि मग माझ्याकडे पाहावे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी

विचाराअंती उपचार दिवसातून दोनदा करण्याचे ठरवले. पुनरावृत्ती हा अध्यापनाचा प्राण. आठवड्यातून एकदा शिकवलेला धडा कोणत्या मुलाच्या लक्षात राहतो? किड्यांचे तसेच.

साहित्य: बादली, कोमट पाणी, साबण, चार दात घासण्याचे ब्रश (चौघांना स्वतंत्र), जेलीची मोठी बरणी. मामंजींनी बादली लाथाडली. पाठाच्या सुरुवातीला थोडा गोंगाट अपेक्षितच असतो.

७ फेब्रुवारी. सायंकाळी

दुसरे सत्र. कोरडे करण्याबाबत अडचण. टॉवेलने घासल्यास पिसे मोडतात, वाळवण्याचे मशीन ही घेऊन गेली. तेव्हा निसर्गतः वाळू द्यावे. निसर्गाचे काम निसर्गाने करावे, आपण जेलीकडे पाहावे.

शेजारचे पोस्टमास्तर भिंतीवर कोपर टेकून पाहत होते. म्हणाले, मास्तर, तोंडी परीक्षा आहे का लेखी? मी त्यांना पद्धत समजावून सांगायला घेतली. अर्ध्यात त्यांना चुलीवर काहीतरी ठेवल्याचे आठवले. त्यांच्याकडे गॅस आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हिला रोज प्रगतीचा वृत्तान्त पाठवतो. प्रस्तावना, कृती, निरीक्षणे, उद्याचे नियोजन. आजच्यावर उत्तर आले. कोरडे केले का?

वाळणे ही क्रिया, तिच्यातील वाऱ्याचा भाग, उन्हाचा भाग आणि घाई केल्यास होणारे तोटे, असे सविस्तर लिहून पाठवले. उत्तर: हं.

हिच्या हं-चे अनेक प्रकार आहेत. हा मान्यतेचा असावा.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईला इथे बरं वाटतंय. मी म्हणालो, हवापालटाचा तोच हेतू. मग म्हणाली, आई परत यायचं म्हणत नाहीये. मी तिला दाखवून दिले, की यायचे न म्हणणे आणि न येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी निघत नाही. मुलगी म्हणाली, बाबा, ह्यासाठीच. कशासाठी ते सांगितले नाही. सर्वनामाचा वापर करताना आधी नाम यायला हवे.

आणखी एक बातमी. हिने तिकडे शिवणाचा वर्ग सुरू केला आहे. चारपाच बायका येतात. ही, वर्ग. हिने उभ्या आयुष्यात पाठाचा आराखडा केलेला नाही. तातडीने एक नमुना आराखडा तयार करून पाठवला. विषय: काजे करणे. उद्दिष्टे, पूर्वज्ञान, फलकलेखन सर्व.

उत्तर नाही. वर्गात व्यग्र असेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नवी अडचण. जेलीत भुसा चिकटतो, भुशात माती, मातीत पुन्हा भुसा. मोज्यांचे बूट झाले. सूनबाईंना ते ओढत चालताना पाहवत नाही. धुण्याची सत्रे दोनवरून तीन केली.

खुराड्यातला भुसाही ओला राहतो. खालून हवा लागावी म्हणून बसायची दांडी वर नेली, चांगली छातीइतक्या उंचीवर. पोस्टमास्तर म्हणाले, एवढ्या वरून त्या बोजड बायका उड्या कशा मारणार? मी म्हणालो, व्यायाम. ते म्हणाले, तुम्ही मारून दाखवा एक.

त्यांचा विनोद ग्राम्य नसला तरी हलकाच.

२२ फेब्रुवारी, शनिवार

रोगाच्या मुळाशी जाण्याचे ठरवले. मूळ म्हणजे पिसे. पिसे नसती तर बूट झाले नसते, ओल राहिली नसती, किडे लपले नसते. कागद कापायची कात्री उकळत्या पाण्यातून काढून घेतली आणि जाऊबाईंपासून प्रारंभ केला.

पाचव्या की सहाव्या पिसाला रक्त. पुष्कळ. वाढत्या पिसाची नळी आतून रक्ताने भरलेली असते, हे ज्ञान मला नंतर प्राप्त झाले. पिठाची चिमूट दाबून धरली, बऱ्याच वेळाने थांबले. जाऊबाई ओरडल्या नाहीत. माझ्या बाहीत चोच खुपसून बसून राहिल्या. असे त्या हिच्याशी करत.

उरलेल्यांची पिसे फक्त टोकांना कापली. पाय आता उघडे दिसतात. लालसर आहेत. रक्ताभिसरण सुधारल्याचे लक्षण.

हिला कळवले नाही. अंतिम निष्कर्ष हाती आल्यावर एकदमच कळवावे.

१ मार्च, शनिवार

महिना झाला. अंदाज महिन्याचा होता, परंतु महिना लहान होता हे विसरून चालणार नाही.

जाऊबाई लंगडतात. डाव्या तळव्याच्या गादीवर काळी गोल खपली, भोवती सूज. खपली धरली म्हणजे जखम भरत आली. समाधान वाटले.

घरात शांतता असते. पूर्वी मी काही सांगत असलो की आतून यंत्राचा आवाज यायचा. मी थांबलो की यंत्र थांबायचे. ही लक्ष देत होती याचा तो पुरावाच, असे मी धरत आलो. आज वर्तमानपत्रातील एक विधान किती चुकीचे आहे ते मोठ्याने सांगितले आणि थांबलो. काही थांबले नाही, कारण काही चालू नव्हते.

५ मार्च, बुधवार

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, एवढे लांब मेसेज पाठवू नका, आई शेवटपर्यंत वाचत नाही. सूचना विधायक आहे. यापुढे आरंभी सारांश देईन.

सारांश लिहायला बसलो. चारही पक्ष्यांची प्रकृती उत्तरोत्तर, एवढे लिहिले. पुढचा शब्द ठरेना. तसाच ठेवला.

जाऊबाई दांडीवर चढत नाहीत. खाली कोपऱ्यात बसतात. वन्सं त्यांच्याशेजारी जाऊन बसते, हे मात्र हृद्य आहे. खऱ्या जावा-नणंदा आमच्या घरात कधी एका चटईवर बसल्या नाहीत.

९ मार्च, रविवार

पशुवैद्य बाईंना पुन्हा बोलावले. सांगितलेल्या वेळेपूर्वी आल्या. खुराड्यात वाकून हात घातला, भुसा मुठीत घेऊन पिळला. पाणी आले. माझ्याकडे पाहिले.

म्हणाल्या, किती वेळा धुता? मी पुनरावृत्तीचे तत्त्व सांगू लागलो. त्या म्हणाल्या, काका, आकडा सांगा. मी सांगितला. मग त्यांनी एकेक पाय पाहिला. माइट मेलेत, म्हणाल्या. (हे नोंदवून ठेवतो. प्रथम उद्दिष्ट साध्य.) पण ओलीने कातडी कुजली आहे. जाऊबाईंच्या पायात पू झाला आहे, उंचावरून उड्या मारून तळव्याला मार बसला, त्यात घाण शिरली, आणि आता तो वर चढला आहे. खपलीखाली कापून पू काढला, इंजेक्शन दिले. म्हणाल्या, या कोंबडीला घरात घ्या, कोरड्या खोक्यात ठेवा. बाकीच्यांना काही करू नका. खरंच काही करू नका.

दांडी त्यांनी स्वतःच खाली केली. हातोडी मागून घेतली.

जाताना म्हणाल्या, तुमच्या मिसेस कुठे आहेत, त्या कोंबड्यांचं छान बघायच्या. मी म्हणालो, हवापालटाला.

११ मार्च, मंगळवार

जाऊबाई स्वयंपाकघरात, खोक्यात. खात नाहीत. भाताची शिते बोटावर धरली तर दोन घेतात, माझे मन राखायला घ्यावीत तशी.

हिला कळवावे का? कळवल्यास ही काळजी करेल, हवापालटाचा हेतू विफल होईल. बऱ्या झाल्यावर कळवणे अधिक योग्य. शिवाय मजकूर साधा नाही; कारणपरंपरा मोठी आहे, ती नीट न मांडल्यास गैरसमज होईल. आज मांडायला बसलो होतो. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा खोक्यात खुडबुड झाली, म्हणून उठलो. पाणी हवे होते.

१२ मार्च, बुधवार. दुपारी

जाऊबाई गेल्या.

१२ मार्च. सायंकाळी

मागच्या भिंतीपाशी पुरले. खड्डा मला खणता येईना, जमीन कडक. पोस्टमास्तर फावडे घेऊन भिंतीवरून उतरले, खणून दिले, माती लोटली आणि पायाने दाबली नाही, हाताने थोपटली. त्यांच्याकडून हे अपेक्षित नव्हते. मला त्यांना मृत्यूची कारणे सांगायची होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो एवढा वेळ ठेवला, की मी थांबलो.

१४ मार्च, शुक्रवार

हिचा संदेश. आपणहून. जाऊबाईचा पाय कसा आहे?

पूर्ण सकाळ उत्तराचा विचार केला. अखेर पाठवले: जाऊबाईंवरील उपचार बुधवारी पूर्ण झाला.

विधान असत्य नाही. शब्द न्‌ शब्द तपासला आहे.

लगेच उत्तर आले. महिन्याभरातले सर्वांत मोठे. बरं झालं हो. तिचीच फार काळजी होती मला. तुम्ही एवढं कराल असं वाटलं नव्हतं. रविवारी येते.

रविवारी येते. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. तुम्ही एवढं कराल असं वाटलं नव्हतं. हेही पुन्हा वाचले.

१५ मार्च, शनिवार

तयारी. खुराडे झाडले, कोरडा भुसा आणला, पाहुण्यांसाठी घालावा तसा पलंगावर नवा पलंगपोस घातला. हिची बाजू मोकळी केली. तिथे माझे कागद पसरले होते. शिवणयंत्राची जागा पुसून ठेवली. मुलीने फोनवर विचारले, झाकणाच्या टोपल्या तीन आणतो, पुरतील ना? मी म्हणालो, सामान ठेवायला घरात जागा भरपूर आहे.

जाऊबाईंचा विषय आल्या आल्या काढायचा नाही. आधी चहा. मग पार्श्वभूमी. मग टप्प्याटप्प्याने. श्रोत्याची मनोभूमिका तयार केल्याखेरीज कठीण भाग घेऊ नये. आरशासमोर एकदा म्हणून पाहिले. तिसऱ्या टप्प्याशी आवाज बसला. थंड पाणी प्यायल्याचा परिणाम.

१६ मार्च, रविवार. सायंकाळी

ही आली. मुलगी सोबत. चहा घेतला नाही. चप्पल न काढता सरळ मागे अंगणात गेली आणि खुराड्याच्या दाराशी वाकून म्हणाली, जाऊबाई. अहो जाऊबाई. बघा कोण आलंय.

मामंजी आले. वन्सं आली. सूनबाई मागून.

ही पुन्हा म्हणाली, रुसलात का?

मी म्हणालो, तू आधी बस. थोडी पार्श्वभूमी सांगतो.

ही वळली. मुलगी म्हणाली, बाबा. मी सुरुवात केली. रोगाचे स्वरूप, मूळ निदान, पद्धतीची निवड. हिने तिसऱ्या टप्प्यापर्यंत ऐकले, पूर्वी ऐकायची तसेच, हात एकमेकांत धरून. मग विचारले, कधी?

मी म्हणालो, बुधवारी.

ही म्हणाली, आणि मला शुक्रवारी लिहिलंत, उपचार पूर्ण झाला.

मी म्हणालो, शब्दशः पाहिले तर. पुढचे मला आठवत नाही. मला वाटते मी पुढे बोललोच नाही.

उलट्या बादलीवर ही बसली. वन्संना मांडीवर घेतले, पाय हातात घेऊन पाहिले. कापलेले खुंट, लाल कातडी. माझ्या मोजेवाल्या, म्हणाली. पदराने बोटांमधली जागा टिपली, एकेक. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता बोलली, आणि रागाने नाही, त्याचेच मला अवघड वाटते. म्हणाली, जाऊबाई आजारी आहे, मला जमत नाहीये, ये. एवढं लिहायचं होतं. मी त्याच दिवशी निघाले असते. नुसतं ये म्हटलं असतंत तरी निघाले असते. महिनाभर तेच शोधत होते तुमच्या त्या पानापानाच्या मेसेजात.

मी म्हणालो, मग शेवटपर्यंत वाचत होतीस?

म्हणाली, प्रत्येक.

टोपल्या सामानासाठी नव्हत्या. एकीत वन्सं, एकीत सूनबाई. तिसरी जाऊबाईंसाठी गाडीतच होती. ती मुलीने बाहेर काढली नाही. मामंजींना नेता येत नाही, मुलीच्या इमारतीत आरवलेले चालत नाही. ही त्यांना म्हणाली, मामंजी, तुम्ही थांबा इथे. ह्यांचं ऐकायला कोणीतरी पाहिजे.

मी गाडीपर्यंत गेलो. काच खाली होती. वन्संच्या उजव्या पायाविषयी काही सूचना द्यायच्या होत्या. ही म्हणाली, जेवत जा वेळेवर.

१९ मार्च, बुधवार

एका वाक्याचा संदेश तयार करण्याचा संकल्प.

पहिला मसुदा सव्वा पान. दुसऱ्यात जरी-तरी दोनदा, ज्याअर्थी-त्याअर्थी एकदा. तिसरा आटोपशीर होता, पण वाचल्यावर लक्षात आले की त्यात मी ये म्हटलेच नाही. ये म्हणणे कोणकोणत्या परिस्थितीत योग्य ठरेल, एवढेच सांगितले.

उद्या ताज्या मनाने.

२७ मार्च, गुरुवार

मामंजी दिवसभर खुराड्याच्या दाराशी उभे असतात. आत रिकामी दांडी. मी खुर्ची तिथे नेली आहे. आज त्यांना माझ्या मसुद्यातील दोष समजावून सांगितले. ते एका पायावर उभे राहून ऐकत होते. मधेच पाय बदलला.

पोस्टमास्तर भिंतीवरून म्हणाले, वहिनींचं पत्र? मी म्हणालो, माझं. म्हणाले, मग पाठवा की. मी म्हणालो, अजून कच्चे आहे. ते म्हणाले, पक्कं झाल्यावर त्यांना पाठवायचं आहे की छापायचं आहे?

मसुद्याची घडी करून खिशात ठेवली.

६ एप्रिल, रविवार

सकाळी मुलीचा फोन. वन्संच्या आणि सूनबाईंच्या पायांना नवी पिसे फुटू लागली. कातडी बरी. मी विचारले, कोणता उपचार? म्हणाली, काहीच नाही. आई कोरड्यात ठेवते आणि शिवायला बसते, त्या शेजारी बसतात. एवढंच.

मग म्हणाली, आई इथेच आहे, देऊ?

मी म्हणालो, एक मिनिट.

वाक्य तयार होते. गेल्या आठवड्यातच तयार झाले होते. एकच शब्द. परंतु एवढ्या दिवसांनी, एकदम, मागेपुढे काही नसताना तो शब्द कानावर पडला तर ऐकणाऱ्याचा गोंधळ होईल असे वाटले. त्याआधी थोडे काही हवे. काय हवे ते जुळवत होतो. तिकडे दार वाजले, बायकांचा आवाज, कोणीतरी हसले. मुलगी म्हणाली, बाबा, आहात का? आईचा वर्ग सुरू झाला, गेली ती आत.

मी म्हणालो, हरकत नाही.

मामंजींना दाणे घातले. त्यांचे खाऊन होईपर्यंत तिथेच उभा होतो.